चार चलानं आली म्हणून चारही भरायची नसतात

पत्र असं आहे:

"वकीलताई, नमस्कार. आम्ही साताऱ्याचे, मी पुण्यात नोकरी करतो, स्कूटर बाबांच्या नावावर आहे पण वापरतो मी. मागच्या आठवड्यात बाबांच्या मोबाईलवर मेसेज आला म्हणून ऑनलाइन बघितलं तर बाबांच्या गाड्यांवर मिळून चार चलानं पेंडिंग. एक हेल्मेट नसल्याचं, ते खरंय. दुसरं सिग्नलचं, पण मी थांबलो होतो हो, थोडा पुढे थांबलो एवढंच. तिसरं नागपूरचं, तिकडे ही स्कूटर जन्मात गेलेली नाही. चौथं बाबांच्या जुन्या कारचं, जी दोन वर्षांपूर्वी विकलीये. बाबा रिटायर्ड शिक्षक, त्यांना वाटतंय पोलीस घरी येणार, म्हणतात सगळं भर आणि मोकळा हो. मित्र म्हणतो एक रुपया भरू नको, लोकअदालतीत निम्म्यात सुटतं. एक एजंट म्हणतो माझ्याकडे द्या, सेटलमेंट करतो. आणि काल व्हॉट्सअ‍ॅपवर पण चलानाची एक फाईल आलीये, ती अजून उघडली नाही. काय करू? नाव नको छापू, बाबा हे सदर वाचतात."

बाबा वाचतात ते बरंच आहे, म्हणजे निम्मं उत्तर त्यांनाच देते.

पण आधी ती फाईल. उघडू नकोस, आत्ताच्या आत्ता डिलीट कर आणि तो नंबर ब्लॉक कर. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' वगैरे नावाची एपीके फाईल येते ना, ते चलान नसतं, ते अ‍ॅप असतं, एकदा इन्स्टॉल झालं की तुमचे मेसेज वाचतं, ओटीपी उचलतं आणि बँकेतले पैसे जातात. सरकार चलान असं फाईल करून इन्स्टॉल करायला पाठवत नाही. बाबांच्या फोनवरही आलीये का बघ, कारण वयस्कर माणसं घाबरून पटकन दाबतात. चुकून कुणी इन्स्टॉल केलंच असेल तर आधी फोनचं नेट बंद करायचं, बँकेला फोन करून खातं-कार्ड थांबवायचं आणि १९३० वर तक्रार टाकायची, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर फोन तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि खऱ्या दिसणाऱ्या एसएमएसमधली लिंकसुद्धा दाबायची नाही, साइटचा पत्ता आपण स्वतः टाईप करायचा, सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं, ते नसेल तर सोडून द्यायचं.

आता बाबा, तुमच्यासाठी. हेल्मेटच्या किंवा सिग्नलच्या चलानासाठी पोलीस दारात येऊन कुणाला घेऊन जात नाहीत. चलान म्हणजे पोलिसांचं म्हणणं की तुमच्या गाडीने अमुक दिवशी अमुक नियम मोडला, एवढंच. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, २०१९ साली त्यात मोठे बदल झाले आणि दंड वाढले. त्याच कायद्यात कलम २०० आहे, त्याच्यामुळे बऱ्याचशा गुन्ह्यांत कोर्टात न जाता ठरलेली रक्कम भरून प्रकरण तिथेच मिटवता येतं, याला तडजोड म्हणतात. तुम्ही ऑनलाइन पैसे भरता तेव्हा तुम्ही ही तडजोड करत असता, म्हणजे झालं ते झालं म्हणून मान्य करून विषय संपवता. त्यामुळे जे झालंच नाही त्याचे पैसे "कटकट नको" म्हणून भरणं मला अजिबात पटत नाही, तुम्ही आयुष्यभर पोरांना शिकवलंत ना की न केलेली चूक कबूल करायची नाही, मग. आणि दुसऱ्या टोकाला तुमच्या लेकाचा मित्र आहे, त्याचं तर त्याहून चुकीचं, त्याच्याकडे येते नंतर.

तर करायचं काय, चारही चलानं एकेक करून उघडायची. महाराष्ट्रात २०१९ पासून 'एक राज्य एक ई-चलान' आहे, वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर जायचं, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे (आरसीवर असतात), चलानांची यादी येते. लोक इथे फक्त रकमेचा कॉलम बघतात आणि डोक्याला हात लावतात. रक्कम नंतर बघ रे, आधी प्रत्येक चलानाचा फोटो उघड, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम वाच, आणि चारही फोटोंचे स्क्रीनशॉट काढून ठेव.

हेल्मेटवालं तुझं आहे, तूच म्हणतोस, मग भरून टाक, त्यात काय विचारायचं. फक्त एक लक्षात घे. नियम मोडला तू, पण कॅमेऱ्याला तुझं तोंड ओळखता येत नाही, नंबर प्लेट कळते, म्हणून चलान जातं मालकाच्या नावावर, म्हणजे बाबांच्या. कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर सांगायची जबाबदारी मालकाची आहे. आणि हेल्मेटच्या कलमात, १९४ डी मध्ये, केंद्राच्या कायद्यात नुसता १००० रुपये दंड लिहिलेला नाही, तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याचीही तरतूद आहे, आणि ते लायसन्स चालवणाऱ्याचं, त्यामुळे बाबांचं लायसन्स त्यात विनाकारण ओढलं जाऊ नये म्हणून चलानावर लायसन्स नंबर कुणाचा पडलाय, की पडलाच नाहीये, ते बघून घे. तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे दरपत्रकांचे फोटो बाजूला ठेव, तुझ्या चलानावर जो आकडा आहे तो खरा. मागे मैत्रीण बसली असेल आणि तिलाही हेल्मेट नसेल तर तोही गुन्हाच धरतात, हे बाबांसमोर लिहायला नको होतं बहुतेक.

सिग्नलचं जरा मजेशीर आहे. तू म्हणतोस थांबलो होतो पण पुढे थांबलो. आता फोटो मोठा करून बघ. सिग्नल लाल दिसतोय का, फोटोत तो असतो बहुतेक वरच्या कोपऱ्यात. मग चाकं बघ. पुढचं चाक स्टॉप लाइनच्या पुढे, झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर आणि मागचं चाक लाइनवर असं असेल, तर तू सिग्नल तोडलेला नाहीस पण स्टॉप लाइन ओलांडलीस, आणि "थोडा पुढे थांबलो" हा बचाव नाहीये, ती कबुलीच आहे, कारण ती लाइन त्याचसाठी असते आणि त्या पट्ट्यांवरून कुणाची तरी आजी रस्ता ओलांडत असते. पण हे दोन गुन्हे वेगळे आहेत. स्टॉप लाइनचं साधारणपणे वाहतुकीची चिन्हं न पाळण्याच्या कलमाखाली, म्हणजे ११९ आणि १७७ खाली लावतात, त्यात केंद्राच्या कायद्यात पहिल्यांदा ५०० पर्यंत आणि परत केलं तर १५०० पर्यंत दंड आहे. लाल सिग्नल तोडून जाणं मात्र २०१९ पासून कलम १८४ च्या धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं, त्यात पहिल्याच वेळी १००० ते ५००० दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद असं लिहिलंय, आणि ते बहुतेकदा कोर्टाकडेच जातं. म्हणून कलम वाच म्हणते मी. गाडी झेब्रावर उभी दिसतेय आणि चलानावर १८४ पडलंय असं असेल तर तक्रार कर, गुन्हा नाकारू नकोस, कलम चुकीचं आहे असं लिही, फोटोच पुरावा जोड. आणि ११९-१७७ असेल तर भर आणि पुढच्या वेळी लाइनच्या मागे थांब.

एकाच फोटोवरून गाडी उभी आहे की पळतेय हे नेहमी कळत नाही हेही खरंय. मी बघितलेल्या चलानांमध्ये कधीकधी दोन फोटो असतात, काही सेकंदांच्या अंतराचे, वेळ कोपऱ्यात छापलेली असते. दुसऱ्या फोटोत गाडी तिथेच असेल तर विषय संपला, तू थांबलेलाच होतास.

आता नागपूर, इथे मात्र भांडायचंय. तुझी स्कूटर साताऱ्याची म्हणजे एमएच ११. नागपूर शहराचा कोड एमएच ३१. फोटो झूम कर आणि प्लेट वाच, मला जवळजवळ खात्री आहे की ३१ ची गाडी ११ म्हणून टाकली गेलीये, कारण हवालदार हातातल्या मशीनवर नंबर टाईप करतो, ऊन असतं, प्लेटवर चिखल असतो, मागून गाड्या हॉर्न मारत असतात, एक आकडा चुकला की नागपूरची मोटारसायकल साताऱ्याच्या स्कूटरच्या नावावर. कॅमेऱ्याचंही तसंच होतं, ३ चा ८ होतो. असं असेल तर सगळ्यात सोपं, ऑनलाइन तक्रार टाक, त्याच साइटवर आणि महाट्रॅफिक अ‍ॅपवर ती सोय आहे. तक्रारीत रामायण लिहू नको की आम्ही किती साधी माणसं आहोत, बाबा शिक्षक होते वगैरे, ते कुणी वाचत नाही. तीन-चार ओळी: चलान नंबर, आमची गाडी अमुक कंपनीची अमुक रंगाची स्कूटर, फोटोतली गाडी मोटारसायकल आहे आणि नंबर अमुक दिसतोय, म्हणून चलान रद्द करावं. सोबत आरसीची प्रत आणि स्कूटरचा मागून पुढून काढलेला, प्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो. तक्रार नंबर येतो तो जपून ठेव.

पण झूम केल्यावर प्लेटवर खरोखर तुझाच नंबर दिसला, तर प्रकरण वेगळं आहे आणि गंभीर आहे. म्हणजे कुणीतरी तुझा नंबर लावून गाडी फिरवतंय. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं किंवा सोनसाखळी चोरली तर शोध तुमच्या घरापर्यंत येणार, तेव्हा खरंच पोलीस दारात येतील, बाबांची भीती त्या दिवशी खरी ठरेल. तेव्हा नुसती ऑनलाइन तक्रार पुरत नाही, जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसकट. त्या वेळी स्कूटर पुण्यात होती हे दाखवणारं जे असेल ते जोड, ऑफिसची हजेरी, पार्किंगची पावती, काहीही. स्कूटर १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट अजून लावली नसशील तर ते पण उरकून टाक, तशीही ती सक्तीची आहे.

विषय कॅमेऱ्याचा आहे तर हेही सांगून ठेवते. कॅमेऱ्याच्या चलानांसाठी केंद्रीय नियमांमध्ये १६७ ए हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्याच्यात म्हटलंय की गुन्ह्यानंतर १५ दिवसांत नोटीस पाठवायची, नोटिशीत फोटो, ठिकाण, तारीख-वेळ, कुठलं कलम हे सगळं द्यायचं, कॅमेरा मान्यताप्राप्त हवा आणि त्या मान्यतेचं दरवर्षी नूतनीकरण हवं, शिवाय इथे कॅमेरा आहे असे फलक पण लावायचे. म्हणजे स्पीडचं चलान आलं आणि त्यावर वेग किती होता, मर्यादा किती होती हेच लिहिलेलं नाही, तर विचारायचा हक्क आहे तुला. विचारायचा हं, सोशल मीडियावर हातवारे करत व्हिडिओ टाकायचा नाही, त्याने चलान रद्द झालेलं मी तरी बघितलेलं नाही.

चौथं, विकलेली कार. बाबा, इथे मी तुम्हाला जरा रागावणार आहे. दोन वर्षं झाली आणि गाडी अजून तुमच्या नावावर? स्टॅम्प पेपरवर करार केला, पैसे घेतले, चावी दिली, पेढे वाटले, की आपल्याला वाटतं गाडी गेली. आरटीओच्या नोंदीत ती तुमच्याच घरात आहे. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तो फॉर्म २९, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची, तो फॉर्म ३०. अपघाताच्या भरपाईच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलंय की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरायचा, मग गाडी चार हात पुढे विकली गेली असली तरी. बघा, इथे दंडाच्या शे-पाचशे रुपयांचा प्रश्नच नाहीये. त्या कारचा विमा संपलेला असेल आणि तिने कुणाला ठोकलं तर लाखांची भरपाई तुमच्या पेन्शनवर येऊ शकते.

तर हे चलान भरायचं की नाही याच्या आधी ज्याला गाडी दिली त्याला फोन लावा. सरळ सांगा, ट्रान्सफर कर आणि विक्रीनंतरची सगळी चलानं भर, थकीत चलानं असली की ट्रान्सफर अडकतं त्यामुळे त्यालाही ती भरावीच लागतील. फोन उचलत नसेल तर विक्रीचा करार, पैसे मिळाल्याची बँकेची नोंद, गाडी ताब्यात दिल्याची पावती आणि त्याच्या आधारची प्रत हे घेऊन आरटीओत लेखी कळवा, पोच घ्या, आणि चलानावर तक्रार टाकताना हेच कागद जोडा की अमुक तारखेपासून गाडी या माणसाच्या ताब्यात आहे. लगेच रद्द होईल असं सांगत नाही, पण कागदावर तुमची बाजू त्या तारखेपासून उभी राहते. डीलरला दिली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून नवी व्यवस्था आहे, अधिकृत डीलरने गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर केली की तेव्हापासूनची जबाबदारी त्याच्याकडे जाते. अधिकृत हं, चौकातल्या 'जुन्या गाड्या घेतो विकतो' बोर्डवाल्याकडे ती नोंदणी असतेच असं नाही.

आता मित्र. लोकअदालतीत कमी होतं हे खरंय, पण होतंच असं नाही. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही वेळा भरते, त्याआधी थकीत चलानवाल्यांना मेसेज, नोटिसा जातात, त्या दिवशी कोर्टाच्या आवारात पॅनलची टेबलं लागतात, लोक सकाळपासून चलानाच्या प्रिंट घेऊन रांगेत, एकेकाचं दोन मिनिटांत होतं. किती कमी करायचं ते त्या दिवशीच्या पॅनलवर आणि पोलिसांनी काय मान्य केलंय त्याच्यावर, निम्मं हा काही नियम नाही. शिवाय तो निवाडा अंतिम असतो, अपील नाही. आणि लोकअदालत तडजोडीची जागा आहे, ती तिथे बसून गाडी तुझी होती की नव्हती याचा निकाल लावत नाही, त्यामुळे नागपूरचं चलान तिथे नेऊन निम्मे पैसे भरलेस तर न केलेल्या गुन्ह्याचे निम्मे पैसे भरलेस एवढंच होईल. दारू पिऊन चालवल्याचं, कलम १८५ चं प्रकरण तर तिथे जातच नाही, ते तडजोडीत बसत नाही. जुनी, बरीच साठलेली आणि आपलीच असलेली चलानं असतील तर जरूर जा. तुझं एक हेल्मेट, त्यासाठी सुट्टी टाकून रांगेत उभं राहणार का?

तो मित्र तुला आणखी एक सांगेल बघ, की सहा महिने झाले की चलान आपोआप बाद होतं. यात अर्धं खरं आहे म्हणून ते पसरतं. ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असा कायदा आहे, पण उशीर माफ करायचे अधिकारही कोर्टाला आहेत, आणि मुख्य म्हणजे पोर्टलवरची पेंडिंगची ओळ त्याने पुसली जात नाही. ती तशीच राहते आणि बरोब्बर गाडी विकायच्या वेळी समोर येते. आणि मधल्या काळात प्रकरण कोर्टात गेलं, समन्स आलं आणि तेही दुर्लक्षित केलं तर वॉरंट निघू शकतं, दंड दोन-पाचशेचा आणि वॉरंट घरी, असली प्रकरणं मी बघते. कोर्टाकडून काहीही आलं तर त्यावरची तारीख सोडायची नाही. बऱ्याच चलानांचं आता व्हर्च्युअल कोर्टात जातं, तिथे ऑनलाइन बघून दंड मान्य करता येतो किंवा मान्य नाही असं कळवता येतं, मान्य नाही म्हटलं की मग रीतसर कोर्टासमोर चालतं.

एजंटला काही देऊ नकोस. पैसेही नाही आणि ओटीपी तर नाहीच. तो जे करणार ते तू मोबाईलवर दहा मिनिटांत करू शकतोस, आणि "सेटलमेंट" म्हणून तो जी पावती देतो ती पोर्टलवर दिसत नसेल तर ती पावतीच नाही.

एक बारीकसं काम राहिलं. चलानाचा मेसेज आरसीला जोडलेल्या मोबाईल नंबरवर येतो. तुमचा निदान बाबांकडे तरी आला, लोकांचे तर डीलरने शोरूममध्ये टाकलेले कुठलेतरी नंबर असतात आणि त्यांना कळतच नाही काही. परिवहनच्या साइटवर तो नंबर बदलता येतो, बाबांची परवानगी घे आणि तुझा नंबर टाक, म्हणजे तुझ्या स्कूटरचे प्रताप तुला कळतील आणि त्यांचं ब्लडप्रेशर जागेवर राहील.

तर आज हेल्मेटचं भर, सिग्नलचं कलम बघून ठरव, नागपूरची तक्रार आजच टाक कारण उशिरा टाकलेल्या तक्रारीला "इतके दिवस काय करत होता" हा पहिला प्रश्न येतो, आणि कारवाल्याला बाबांनीच फोन करू दे, मास्तरांचा आवाज ऐकून लोक अजून सरळ होतात. नागपूरची तक्रार फेटाळली गेली तर त्यांनी दिलेलं कारण जसंच्या तसं मला पाठव, वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना अर्ज कसा लिहायचा ते सांगते.